जमिनीलगतच्या गाडीखाली शिरताना

अमेरिकेत १९९७ साली आलेल्या पाचव्या पिढीच्या शेव्हरोले कॉर्व्हेटखाली साधा ट्रॉली जॅक बऱ्याचदा शिरतच नाही. म्हणून घरी तेल बदलणारे आधी पुढची चाकं जाड फळ्यांवर चढवतात.

जॅक कुठे टेकवायचा, ही खरी मेख. बाहेरचे पत्रे इथे धातूचे नाहीत, मिश्र प्लास्टिकचे आहेत. कडेला भार पडला की तडा जातो. त्यामुळे चौकटीतल्या खाचांत खास चकत्या अडकवून तिथेच उचलायचं.

जमीन सपाट आणि टणक हवी, टेकलेल्या चाकांना ठोकळे हवेत. जॅक फक्त उचलण्यापुरता! त्याचं सील फुटलं, तर जवळपास दीड टनाची गाडी क्षणात खाली येते. चौकटीच्या मजबूत भागाखाली स्टँड लावून वजन त्यांवर उतरवावं, गाडी हलवून पाहावी, मगच खाली शिरावं.