‘सावकारी पाश’ : शंभर वर्षांपूर्वीचे एक स्थलांतर

बाबूराव पेंटरांच्या ‘सावकारी पाश’ या मूकपटाला २०२५ साली शंभर वर्षे झाली. १९२५ सालच्या या चित्रपटाविषयी एक वाक्य ठरून गेले आहे : भारतीय पडद्यावरच्या वास्तववादाचा हा आरंभ. वाक्य चुकीचे नाही, पण त्यामुळे चित्रपट मुळात कशाविषयी होता हा प्रश्न मागे पडतो. नावात सावकार आहे म्हणून आपण तो कर्जाचा चित्रपट समजतो. माझ्या मते तो तितकाच गाव सुटण्याचा आणि त्यापायी घर दुभंगण्याचा चित्रपट आहे.

कथा ना. ह. आपटे यांची. लोभी सावकारामुळे एका तरुण शेतकऱ्याची जमीन जाते, तो शहराची वाट धरतो आणि गिरणीत कामगार होतो. ही भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही. त्यामुळे कथेचा हा सांगाडा आणि पाहणाऱ्यांच्या आठवणी एवढ्यावरच आपल्याला विचार करावा लागतो.

त्यातली एक आठवण जे. बी. एच. वाडिया यांची. अंधुक उजेडातली एक उदास झोपडी आणि तिथे रडणारे कुत्रे, हे दृश्य त्यांच्या मनात अनेक वर्षे राहिले. मूकपटातले कुत्रे रडते म्हणजे प्रेक्षकाला आवाज ऐकू येत नाही, फक्त वर केलेले तोंड दिसते. पण आपल्याकडे दाराशी कुत्रे रडू लागले की घरातली म्हातारी माणसे लगेच त्याला हाकलतात. कोल्हापूरच्या प्रेक्षकाला त्या दृश्याचा अर्थ सांगायला पाटी लागली नसणार. या घरावर काहीतरी येणार, हे त्याने ओळखले असेल.

ही दृष्टी कुठून आली, हे समजायला कंपनीची घडण पाहावी लागते. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातले भाऊ नाटकांचे पडदे रंगवत. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने कॅमेरा घरीच तयार केला, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या भांडवलासाठी गायिका तानीबाई कागलकर यांनी हात दिला. दामले, फत्तेलाल, शांताराम ही मंडळी पडेल ते काम करत. उसन्या भांडवलावर आणि स्वतःच्या हातांच्या कसबावर चाललेला हा संसार होता. १९२०च्या ‘सैरंध्री’साठी आणि १९२३च्या ‘सिंहगड’साठी या मंडळींनी दरबार, किल्ले, लढाया उभ्या केल्या. झोपडीला तसल्या थाटाची गरज नव्हती. तिथे भिस्त होती ती उजेड आणि अंधार कुठे ठेवायचा यावर, आणि ते काम चित्रकाराचे होते.

विषय मात्र हवेतून आला नव्हता. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव सुरू झाला, तेव्हा पुणे-नगरकडच्या गावांत लोकांनी मुख्यतः सावकारांकडची कर्जखतेच हिसकावून जाळली. अंगठा उठवलेला तो कागदच आपल्याला जमिनीवरून हलवणार, हे त्यांना कळले होते. त्यानंतर १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा झाला, तरी गाव सोडणाऱ्यांची रांग थांबली नाही. १९२१च्या जनगणनेत मुंबईतल्या दर पाच माणसांपैकी चारांहून अधिक शहराबाहेर जन्मलेली होती. गिरण्यांत कोकणाबरोबर सातारा-कोल्हापूरकडची माणसेही होती. खुद्द कोल्हापुरात शाहू मिल १९०६ सालीच उभी राहिली होती. गिरणीचा भोंगा म्हणजे काय, हे इथल्या प्रेक्षकाला सांगावे लागत नव्हते.

तरीही ‘सावकारी पाश’ चालला नाही. पौराणिक-ऐतिहासिक चित्रपटांना सरावलेल्या लोकांना तो रुचला नाही, असे कारण दिले जाते. मला ते अर्धेच वाटते. देवादिकांच्या गोष्टीत वनवास संपतो आणि राज्य परत मिळते. जमीन गेलेल्याच्या गोष्टीत परतायची जागाच उरत नाही. ज्याच्या घरातला एक माणूस मुंबईला आहे, त्याने ते पाहायला तिकिटाचे पैसे का मोजावेत?

शिवाजी पेठेत वाढल्यामुळे मला हे घराच्या बाजूने दिसते. आमचे थोरले चुलते मुंबईत गिरणीत होते. गावकीच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचे, खानावळीत जेवायचे, महिन्याला मनीऑर्डर पाठवायची आणि चैत्रात जोतिबाच्या यात्रेला यायचे. चार दिवस घरात सण असे. चुलती वर्षभर एकटीने सगळे निभावत असे, आणि त्या चार दिवसांत निर्णय मात्र चुलत्यांना विचारून होत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि काही महिन्यांनी ते कायमचे परत आले. पाहुण्यासारखा राहिलेला माणूस आता रोज घरात. पैसे येणे बंद झाले आणि ‘ही खोली माझ्या मनीऑर्डरवर बांधली’ हे वाक्य सुरू झाले. भावाभावांत चुली वेगळ्या झाल्या. सावकार आमच्या घरात कुठेच नव्हता, पण घर दुभंगायचे ते दुभंगलेच.

म्हणून १९५३चा बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ पाहताना मला ‘सावकारी पाश’ आठवतो. तिथला शंभू जमीन वाचवायला कलकत्त्यात हातरिक्षा ओढतो, मुलगा त्याच्या मागे येतो, बायको गावी राहते. कर्ज मुदतीपुरते असते, पण त्यासाठी झालेली ताटातूट मुदतीत संपत नाही. मराठीत ही वाट अठ्ठावीस वर्षे आधी कोल्हापूरने दाखवली होती. बाबूरावांनाही ती सोडवली नाही. एकदा न चाललेली गोष्ट त्यांनी १९३६ साली बोलपट करून पुन्हा मांडली. धंद्याच्या हिशेबात हे बसत नाही. या गोष्टीचे काम अजून झालेले नाही, असे त्यांना वाटत असावे.

दरवर्षी १ डिसेंबरला खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाला हार घातला जातो. तो घालावाच. पण त्या कॅमेऱ्याने काय पाहिले, तेही जपायला हवे. फीत गेली असली, तरी तिचा विषय आपल्या घरांतल्या ट्रंकांमध्ये आहे : मनीऑर्डरच्या पावत्या, गिरणीचे पास, ‘पैसे मिळाले, काळजी नसावी’ अशी पत्रे, गहाणखतांच्या नकला. पुढची पिढी ती रद्दीत घालण्याआधी ज्यांच्याकडे असतील त्यांनी ती एकत्र करावीत आणि कुणी कुणाला काय लिहिले ते नोंदवून ठेवावे. हरवलेल्या मूकपटातला माणूस शहरात पोहोचल्यावर मागे उरलेल्या घराचे काय झाले, याचे उत्तर मिळालेच तर तिथेच मिळेल.