मावशींचा क्यूआर कोड

मागच्या पावसाळ्यात वीकेण्डला आमच्या गँगनं भंडारदरा गाठलं. 1926 साली बांधून झालेलं विल्सन धरण, धुकं, गरमागरम कांदाभजी... फुल्टू मूड! पैसे द्यायला पाचशेची नोट काढली, तर टपरीवाल्या मावशी म्हणाल्या, "ताई, सुट्टे नाहीत. स्कॅन करा ना."

"मावशी, हे शिकवलं कोणी?"

"शिकवतंय कोण? गिऱ्हाईकच मागायला लागलं!"

घ्या, टेक्नॉलॉजी का रुजते याचं उत्तर एका वाक्यात! 2016 मध्ये आलेल्या यूपीआयची यंत्रणा एनपीसीआयची, बरीचशी अॅप्स खासगी कंपन्यांची. पण टपरीवर ती रुजली सुट्ट्यांच्या कटकटीमुळे.

उलट आमचं पुणं बघा. डिसेंबर 2017 मध्ये स्मार्ट सिटी योजनेत खासगी कंपन्यांच्या, अॅपवर भाड्यानं मिळणाऱ्या सायकली आल्या. मीही हौसेनं फिरले. पण सायकल ट्रॅकवर गाड्या पार्क केलेल्या. रोज ऑफिसला जाणार कसं? दोनेक वर्षांत बहुतेक सायकली गायब! 100 शहरांचं स्मार्ट सिटी मिशनही मार्च 2025 मध्ये संपलं.

तेव्हा शहरात पुढचं चकाचक अॅप आलं, की एवढंच विचारा : यानं माझी रोजची कुठली कटकट मिटणार? पैसा शेवटी आपल्याच खिशातला आहे, बॉस!