पवनाकाठचा तंबू निवडताना

पिंपरी-चिंचवडकर शनिवारी रात्री ज्या पाण्याच्या काठी शेकोटी पेटवतात, तेच पाणी पुढे त्यांच्या नळाला येतं. मावळातल्या पवना धरणात साधारण साडेआठ टीएमसी साठा मावतो. तिथून सोडलेलं पाणी नदीपात्रातून सुमारे ३५ किलोमीटर वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं; महापालिका ते उचलून निगडीच्या केंद्रात शुद्ध करते. एवढं करूनही नोव्हेंबर २०१९ पासून शहराला दिवसाआडच पाणी मिळतं. याच धरणाच्या बॅकवॉटरला ठाकूरसई, आंबेगाव, ब्राह्मणोली, गेव्हंडे या गावांच्या शिवारात आता तंबूंच्या रांगा उभ्या आहेत. समोर पाणी, मागे तुंग, तिकोना, लोहगड. कामशेतवरून वळलं की तासा-दीड तासात मुक्कामी. भोसरी-चाकणच्या शिफ्टमधून सुटलेल्या माणसाला याहून सोयीचं ठिकाण कुठलं? अडचण निवडीत आहे. आपण तंबू निवडतो तो फोटोवरून, म्हणजे तंबूच्या पुढ्यात काय आहे ते बघून. खरं तर आधी बघायला हवं ते तंबूच्या मागे: संडास कुठे आहे, सांडपाणी कुठे जातं, धरण भरलं की पाणी कुठवर चढतं आणि मुलांवर लक्ष ठेवायला कोण आहे.

पहिली गोष्ट पाण्याच्या रेषेची. नैसर्गिक तळ्याचा काठ फारसा हलत नाही. धरणाचा काठ वर्षभर सरकत असतो. ऑगस्टच्या सुमारास भरलेलं पवना मे महिन्यापर्यंत खूप खाली जातं आणि उघड्या पडलेल्या उतारावर हौसेनं तंबू लागतात. अशा वेळी आपण तळ्याकाठी नसतो, तळ्याच्या पोटात असतो. ही रेषा ओळखणं अवघड नाही. काठावरून वर चढत गेलं की पाण्यानं धुतलेला उघडा मुरूम दिसतो, त्यात ना झुडूप ना मुळं. जिथे करवंदीच्या जाळ्या आणि जुनी झाडं सुरू होतात तिथवर धरण भरल्यावर पाणी येतं. तंबू त्या रेषेच्या वरच हवा आणि पाण्यापासूनही लांब. जगभरच्या भटक्यांमध्ये पाण्यापासून सुमारे ६० मीटर अंतर ठेवण्याचा संकेत आहे, तो इथेही चालेल. वळवाच्या दिवसांत तर उघड्या काठावर सोसाट्याचा वारा आणि विजा या दोन्हींपासून आडोसा नसतो.

दुसरी गोष्ट मैल्याची, जिच्याबद्दल बुकिंग करताना कुणीच विचारत नाही. पन्नास माणसांचा मुक्काम म्हणजे पन्नास माणसांचं मलमूत्र, अंघोळी, भांडी आणि बार्बेक्यूचं तेलकट पाणी. बंदिस्त सेप्टिक टाकी असेल आणि ती वेळच्या वेळी उपसली जात असेल तर ठीक. पण उतारावर, पाण्याच्या जवळ, मुरमात खणलेला शोषखड्डा म्हणजे मैला धरणात पोचायचा आडमार्ग. यावर कुणी म्हणेल की पवनेची खरी गटारगंगा शहरानंच केली आहे, चार तंबूंनी काय बिघडतं? तक्रार खरी आहे. थेरगाव-चिंचवडपासून सांगवीपर्यंत नदीत मिसळणाऱ्या सांडपाण्याचा दोष शहराचाच. पण ती घाण रावेतच्या उपशाच्या खाली मिसळते. रावेतच्या वरची नदी हीच पिण्याची नदी आहे आणि तंबू तिच्याच उगमाकडे आहेत. खालची नदी बिघडवली हे कारण वरची बिघडवायला पुरत नाही. चाकणच्या जवळच्या भामा-आसखेड धरणालाही हेच लागू. २०२१ पासून त्याचं पाणी पुण्याच्या पूर्व भागाला जातं.

तिसरी गोष्ट जिवाची. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूला एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना पूल कोसळून चौघांचा जीव गेला. पवना धरणात बुडाल्याच्या बातम्याही दर हंगामात येतात. शांत दिसणाऱ्या पाण्यात पोहता येणारी माणसंही का बुडतात? धरणाचा तळ म्हणजे बुडालेली दरी असते. गुडघाभर पाण्यात दहा पावलं चाललेला माणूस अकराव्या पावलाला जुन्या शेताच्या बांधावरून किंवा नदीच्या मूळ पात्रात खाली जातो. पायाखाली गाळ असेल तर सावरताही येत नाही. म्हणून लहान मुलं बरोबर असतील तर पाण्याला लागून तंबू नको. काठावर मुक्कामवाल्याचा माणूस आहे का, लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचं मिळतं का आणि दारूच्या जोडीनं बोटिंग चालतं का, ही चौकशी जेवणाच्या मेन्यूआधी करावी.

मैल्याच्या अडचणीवर काहींना कॅराव्हॅन हा सुटसुटीत उपाय वाटतो: झोपायची सोय, संडास, ओटा सगळं गाडीत. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि अशा बऱ्याच गाड्या ज्या ‘ट्रॅव्हलर’ व्हॅनवर बांधल्या जातात, तिच्या कंपनीचं मुख्यालय आपल्याच आकुर्डीत आहे. पण संडास गाडीत असला म्हणून मैला नाहीसा होत नाही, तो टाकीत साठतो. अमेरिका-कॅनडातल्या चांगल्या तळांवर गाडी लावायच्या जागेपाशीच नळ आणि विजेची जोडणी असते आणि टाकी रिकामी करायची ठरलेली जागा असते. ती सोय आपल्याकडे क्वचितच सापडते. भाड्यानं गाडी घेताना टाकी किती लिटरची आणि ती कुठे रिकामी करणार, याचं स्पष्ट उत्तर मिळालं नाही तर ती गाडी नको. शिवाय काठाकडे जाणारा शेवटचा अरुंद रस्ता, लोंबत्या तारा, खाली आलेल्या फांद्या यांचीही आधी चौकशी हवी. उंच गाडी तिथून मागे घेणं सोपं नाही.

पाणीच हवं असा हट्ट नसेल तर उलट दिशेला, बारामती-इंदापूरकडे, माळरानं आहेत. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य अवघं पाच चौरस किलोमीटरांचं, पण चिंकाऱ्यांसाठी राखलेलं; कडबनवाडीच्या माळावर लांडगे, खोकड, तरस यांचा वावर आहे. या माळांना ‘पडीक’ म्हणून हिणवलं जातं, प्रत्यक्षात तिथे चंडोलासारखे पक्षी जमिनीवरच घरटी करतात. त्यामुळे गवतात गाडी घालणं आणि वाळल्या गवताजवळ शेकोटी पेटवणं, दोन्ही वर्ज्य. मुक्काम माळावर करू नये, जवळच्या कृषी पर्यटन केंद्रात करावा आणि माळ सकाळी वाटाड्याबरोबर पाहावा. तिथे संडास पक्का असतो, मुलांना आवारातच खेळता येतं आणि पैसा शेतकऱ्याकडे जातो.

सर्वात वजनदार आक्षेप पोटाचा आहे. धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्या गावांतल्या पोरांना तंबूंनी रोजगार दिला. नियमांचा बडगा आला तर बडी रिसॉर्टं तरतील आणि ही पोरं बुडतील, असं म्हणतात. ही भीती निराधार नाही. पण सध्याची चढाओढ स्वस्ताईची आहे आणि तिच्यात सेप्टिक टाकीवर खर्च करणाराच मार खातो, कारण गिऱ्हाईक फक्त दर आणि फोटो बघतं. टाकी, रेषेच्या वरचा तंबू आणि काठावरचा माणूस यांसाठी माणशी शे-दोनशे रुपये जास्त द्यायला कुटुंबं तयार झाली, तर तोच गावकरी धंद्यात टिकेल. शिफ्टच्या फिरत्या सुट्टीमुळे आडवारी जाता येणाऱ्यांनी आडवारीच जावं. गर्दी पांगली की टाक्यांवरचा ताणही कमी होतो. सरकारी नियम आणि तपासणी हवीच, पण तोवर थांबायचं कारण नाही. बुकिंगच्या फोनवर ‘लेक व्ह्यू आहे का?’ याच्या आधी ‘मैला कुठे जातो?’ हा प्रश्न येऊ लागला, तर काठावरचे निम्मे तंबू मालक आपणहून वर सरकवतील.