मनोरा : तंजावरातील एक युद्धप्रचारलेख

युद्धकाळातील प्रचार आज चित्रफितींच्या रूपाने काही क्षणांत जगभर पोहोचतो; तथापि एकच विजयवार्ता अनेक भाषांतून सांगण्याची रीत नवी नव्हे. तंजावरचे दुसरे सरफोजी यांनी समुद्रकाठी उभारलेला आठमजली मनोरा हे तिचे उदाहरण होय. नेपोलियनच्या १८१४ मधील पाडावाचे हे स्मारक. त्यावर मराठीसह अनेक भाषांत लेख कोरले गेले. १७९९ च्या तहाने राज्यकारभार गमावलेला राजा तेथे इंग्रजांचा मित्र म्हणून मिरवतो. पुढे या वास्तूचा संबंध १८१५ च्या वॉटर्लूशी जोडला गेला : दृश्य टिकले, संदर्भ पालटला. चित्रफितींच्या बाबतीतही हाच धोका संभवतो. म्हणून प्रचारसाहित्याच्या अभ्यासात आशयाइतकेच वक्ता, श्रोता आणि काळ यांचे निश्चितीकरण अगत्याचे ठरते.