तोफेचा नांगर, नांगराचा माग

गोडादरा, लिंबायत, उधना या सुरतच्या पट्ट्यात खानदेशातून आलेली मराठी घरे पुष्कळ. इथल्या जुन्या साध्या यंत्रमागाच्या दोन्ही बाजूंच्या चौकटी बिडाच्या. याच घरांच्या मागच्या पिढ्यांनी गावाकडच्या काळ्या रानातली हरळी मोडायला जो लोखंडी नांगर जुंपला, त्याचेही मुख्य भाग ओतीव बिडाचे. शेत सुटले, बीड सुटले नाही.

हा नांगर आपल्याकडे रुजवला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी. १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केलेला हा माणूस नांगराकडे वळला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. पुढे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर जमीन आणि कर्ज दिले. १९१० मध्ये निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात कच्च्या लोखंडाची टंचाई झाली, तेव्हा शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या, असे सांगतात. कारखानदारीच्या आपल्या इतिहासात याहून चांगला सौदा मला तरी ठाऊक नाही.

ओतकाम पाहायला गेलेला माणूस बघतो लाल रस. कारागीर बघतो वाळू. लाकडी पॅटर्न मोल्डिंग बॉक्समध्ये ठेवून भोवती बेंटोनाइट मिसळलेली ओलसर वाळू ठोकून बसवायची, पॅटर्न अलगद काढायचा, पोकळ भागासाठी कोअर बसवायचा. बीड थंड होताना साधारण १ टक्का आक्रसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा कोरावा लागतो. वाळूत पाणी जास्त झाले की वाफ धरते आणि मालात भोके पडतात. कमी झाले की साचाच ढासळतो. जुना मिस्त्री मूठभर वाळू दाबून, मोडून बघतो आणि ठरवतो.

कपोला भट्टीत कोक, कच्चे लोखंड, भंगार आणि चुनखडी थरांनी चढते. खालून हवेचा झोत. मळी वेगळी निघते, रस लॅडलमध्ये येतो. १,३०० अंशांच्या वरचा रस साच्यात न थांबता ओतावा लागतो, मध्ये हात थबकला तर दोन थर एकजीव होत नाहीत. सगळ्या दिवसाच्या मेहनतीचा निकाल काही सेकंदांत लागतो. पण कळतो तो साचा फोडल्यावर.

फाळाची गंमत वेगळी. साच्यात फाळाच्या धारेपाशी लोखंडी तुकडा बसवला की तिथला रस झटकन थंड होऊन पांढरे, कडक बीड बनते, बाकीचा भाग त्यामानाने मऊ राहतो. अमेरिकेत साउथ बेंडच्या जेम्स ऑलिव्हरने १८५७ मध्ये या रीतीचे पेटंट घेतले.

त्याच अमेरिकेत बर्मिंगहॅमची स्लॉस भट्टी १९७१ मध्ये विझली, आणि आता ती राष्ट्रीय स्मारक आहे. तिथे कलाकार लोकांसमोर बीड ओततात. आपल्याकडे उलटे. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगावात ओतकाम रोजचेच आहे, त्याला प्रेक्षक नाहीत. मात्र कपोल्याच्या जागी विजेवरच्या इंडक्शन भट्ट्या येत आहेत, आणि त्या आल्याच पाहिजेत. धूर कमी होतो. तरी एखादा कपोला, त्याची चढण, लॅडल आणि पॅटर्नचे कपाट यांसह जपायला हरकत काय? वर्षातून एकदा पेटवायचा, आणि पहिल्या रांगेत पॉलिटेक्निकची मुले बसवायची.