परसबागेची मूलतत्त्वे : भाग 3 – वाफा, बी आणि रोप

या लेखमालेच्या पहिल्या दोन भागांत जमिनीची ओळख आणि खताची तयारी यांचा विचार झाला. प्रस्तुत भागात वाफ्याची घडण, पेरणी आणि लावणी यांचे विवेचन असून त्यासाठी पालघर जिल्ह्यातील जव्हार तालुक्यातल्या दाभोसा परिसराचे उदाहरण घेतले आहे.

लेंडी नदीवरील धबधब्यामुळे ओळखल्या जाणाऱ्या या डोंगराळ भागात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे ध्यानात घेतले तर सुमारे 101 चौरस मीटरच्या एका गुंठ्यावर अडीच लाख लिटर पाणी येते. परंतु हा पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो, उतारावरील माती उथळ असते आणि तिच्याखाली कातळ लागतो. त्यामुळे पाणी मुरण्याआधीच ओढ्यानाल्यांना मिळते आणि उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. येथील भाजीपाल्याचे सारे नियोजन पाणी मुळांपाशी किती काळ टिकते यावर बेतावे लागते.

मुळांना पाण्याइतकीच हवेचीही गरज असते. मातीच्या कणांमधील पोकळ्या दीर्घकाळ पाण्याने भरून राहिल्या, तर मुळांचा श्वास कोंडतो आणि ती कुजू लागतात. म्हणून पावसाळ्यात गादीवाफा, म्हणजे आजूबाजूच्या जमिनीपेक्षा 15 ते 20 सेंटिमीटर उंच केलेला वाफा, करावा. त्याची रुंदी एक मीटरपर्यंतच ठेवावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो आणि वाफ्यात पाय पडून माती दबत नाही. उतारावर वाफा आडवा घालावा व चराला किंचित ढाळ द्यावा, म्हणजे जास्तीचे पाणी माती न ओढता निघून जाते. भातकापणीनंतर मात्र हीच रचना उलटी करावी लागते : हिवाळ्यात बांध घातलेला सपाट, थोडा खोलगट वाफा पाणी धरून ठेवतो आणि त्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन घातल्यास ओल अधिक दिवस टिकते.

पेरणीच्या दृष्टीने भाज्यांचे दोन गट पडतात. भेंडी, चवळी, वाल, काकडी, दोडका यांचे बी मोठे असते आणि त्यांच्या कोवळ्या मुळांना हलवणे सोसत नाही, म्हणून ते थेट जागेवर टोकतात. वांगी, मिरची, टोमॅटो यांचे बी बारीक असल्याने त्यांची आधी रोपे करून मग लावणी करतात. लावणीचे हे तंत्र दाभोशाच्या शेतकऱ्याला नवे नाही, कारण येथे भाताप्रमाणेच नागलीचीही रोपे तयार करून लावली जातात. त्यासाठी राब भाजतात, म्हणजे डहाळ्या, पालापाचोळा व शेण यांचा थर रोपवाटिकेच्या जागी जाळतात. त्याने तणांचे बी मरते आणि राखेतून पालाश मिळते, पण मातीच्या वरच्या थरातील सेंद्रिय अंश जळतो आणि झाडेही तोडावी लागतात. भाजीपाल्याच्या थोड्या रोपांसाठी कुजलेले शेणखत मिसळलेला गादीवाफा पुरेसा ठरतो.

बी त्याच्या जाडीच्या दोन ते तीन पट खोल पेरावे. रोपांचे बी ओळींत आणि विरळ टाकावे, कारण दाटी व अति ओल यांमुळे जमिनीतील बुरशी बळावते आणि कोवळी रोपे बुंध्याशी कुजून कोलमडतात. टोमॅटोची रोपे साधारण चार, वांग्याची पाच आणि मिरचीची सहा आठवड्यांनी लावणीस येतात. लावणीपूर्वी काही दिवस पाणी कमी केल्याने रोपे काटक होतात, आणि सायंकाळी लावल्यास त्यांना सावरण्यास रात्र मिळते.

पावसाळ्यात काकडी, दोडका, कारली, पडवळ हे वेल मांडवावर चढवावेत. त्यामुळे फळे जमिनीला टेकून सडत नाहीत. या वेलांवर नर व मादी फुले वेगळी येतात आणि फळधारणेसाठी मधमाश्यांची गरज असते, म्हणून फुलोऱ्यात कीटकनाशक फवारणे टाळावे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने या हवामानासाठी कारल्याची ‘कोकण तारा’, दोडक्याची ‘कोकण हरिता’ आणि पडवळाची ‘कोकण श्वेता’ ही वाणे विकसित केली आहेत. अशा सुधारित सरळ वाणांचे बी, शेजारच्या दुसऱ्या वाणाशी संकर होऊ न दिल्यास, पुढील वर्षासाठी राखता येते. संकरित वाणाच्या बियांतून मात्र मूळ गुण जसेच्या तसे उतरत नाहीत.

भात निघाल्यावर शेतात उरलेल्या ओलीवर वाल येतो आणि त्याच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीत स्थिर करतात. दिवाळीनंतर या भागातील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर किंवा शहरांकडे कामासाठी जातात, तेव्हा रोज पाणी न मागणारे हे पीक विशेष उपयोगी पडते. नागली-भाताच्या जेवणाला हिरव्या भाजीची आणि कडधान्याची जोड मिळणे बालकांच्या व मातांच्या पोषणासाठी अत्यावश्यक आहे. म्हणून प्रत्येक घराने पहिल्या पावसापूर्वी निदान एक गादीवाफा तयार ठेवावा आणि दोन वेल व एक शेंगभाजी यांपासून आरंभ करावा. पुढील भागात सांडपाण्याचा वापर आणि आच्छादन यांचा विचार केला जाईल.