ध्रुवीय प्रकाशातली वीज मोजताना

अलास्का किंवा उत्तर नॉर्वेच्या आकाशात हिरवा ध्रुवीय प्रकाश उसळला, की जमिनीवरच्या चुंबकमापकाची रेघ हलते. वर सुमारे १०० ते १२० किलोमीटरवर विजेचा प्रचंड प्रवाह वाहत असतो. मोठ्या चुंबकीय वादळात तो दहा लाख अँपिअरच्या घरात जातो. तिथे जड आयन हवेच्या रेणूंवर आपटून अडखळतात, इलेक्ट्रॉन मात्र वाहत राहतात. या फारकतीतूनच प्रवाह तयार होतो.

जमिनीवरून एकूण परिणाम तेवढा कळतो. नॉर्वेच्या क्रिस्तियान बिर्कलंड यांनी १९०८ मध्ये मांडलं, की प्रवाह चुंबकीय रेषांवरून अवकाशातून खाली उतरतात. हे खरं की नाही, हा वाद जमिनीवरच्या नोंदींनी मिटणं शक्यच नव्हतं. १९६० च्या दशकात उपग्रहाने तो मिटवला.

पण खुद्द त्या थरात जायचं कसं? फुगा तिथवर पोचत नाही, उपग्रह हवेच्या घर्षणाने टिकत नाही. उरतं रॉकेट. अलास्कातल्या पोकर फ्लॅट या रॉकेट तळावर उलटी गणती थांबवून शास्त्रज्ञ वाट बघतात. हवा तसा प्रकाश दिसला की मगच उड्डाण, तेही काही मिनिटांचं. चुंबकीय क्षेत्र कुठल्या उंचीवर झपाट्याने बदललं, ते पाहिलं की प्रवाहाचा थर सापडतो.

खरी डोकेदुखी रॉकेटच्या गिरक्यांची. पृथ्वीचं क्षेत्र तिथे सुमारे ५०,००० नॅनोटेस्ला, शोधायचा फरक जेमतेम काही शे. रॉकेटची दिशा ओळखण्यात एका अंशाची चूक झाली, तरी तो फरक त्यात बुडून जातो.